रुग्णाचा कागद ही ठेव आहे

व्यापारी घरात वहीला मान असतो. दिवाळीला तिचे पूजन होते, वर्षभर ती गल्ल्याजवळ जपून ठेवली जाते आणि एका गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर उघडायचे नाही, हा पेढीवरचा नियम मुले न सांगता शिकतात. कोणाची उधारी किती थकली, कोणी मुलीच्या लग्नासाठी दागिना मोडला, कोणाचा धनादेश परत आला, हे दुकानदाराला ठाऊक असते. ते त्याच्याकडून बाहेर जात नाही, म्हणून लोक विश्वासाने त्याच्या पायरीवर येतात. पोलादपूर आणि महाडच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांची पत मालाइतकीच या मौनावर उभी राहिली आहे.

त्याच घरांत आणखी एका प्रकारचा कागद दरवर्षी वाढत असतो. रक्त-लघवीचे अहवाल, सोनोग्राफीचे निष्कर्ष, एक्स-रेच्या फिल्म, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेडिक्लेमसाठी काढलेल्या झेरॉक्स प्रती. कपाटाच्या वरच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत हे सारे साठते आणि सणापूर्वीच्या साफसफाईत एक दिवस वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीच्या काट्यावर चढते. ज्या घरातून उधारीच्या वहीचे एक पानही बाहेर जाणार नाही, त्या घरातून सासूबाईंच्या शस्त्रक्रियेचा किंवा सुनेच्या उपचारांचा संपूर्ण वृत्तांत नाव, वय आणि पत्त्यासह किलोच्या भावाने विकला जातो. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. आपण काय विकत आहोत, याकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते.

कागदी प्लेटवरची नावे

जुलै २०२४ मध्ये मुंबईत एक चित्रफीत सर्वत्र पसरली. खाद्यपदार्थ ठेवण्याच्या कागदी प्लेट त्यात दिसत होत्या आणि त्यांवर परळच्या केईएम रुग्णालयाचे व रुग्णांची नावे होती. एका माजी महापौरांनी ती समाजमाध्यमावर प्रसिद्ध केली आणि महापालिकेला जाब विचारला गेला. हे रुग्णांचे अहवाल नसून सीटी स्कॅन ठेवण्याचे जुने फोल्डर होते आणि ते रद्दीत देण्यात आले होते, असा खुलासा रुग्णालय प्रशासनाने केला. एरवी असे कागद बारीक करून दिले जातात, या वेळी ते तसेच गेले, असेही सांगण्यात आले. सहा कर्मचाऱ्यांना कारणे दाखवा नोटिसा बजावण्यात आल्या.

हा खुलासा मान्य केला तरी प्रश्न संपत नाही. फोल्डरवर रुग्णाचे नाव असते आणि कोणती तपासणी झाली हेही असते. आतला अहवाल नसला, तरी अमुक व्यक्तीचा सीटी स्कॅन झाला एवढे त्यावरून कळते. पुष्कळदा तपासणीचे नावच आजार सांगून टाकते. गर्भधारणेची चाचणी, एचआयव्हीची चाचणी, थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी, कर्करोगाच्या निदानासाठी काढलेला मांसाचा तुकडा, यांपैकी एखाद्या तपासणीचे नाव माणसाच्या नावाशेजारी छापलेले दिसले, की निष्कर्ष काहीही असो, कुजबुज सुरू व्हायला तेवढे पुरते. निष्कर्ष ‘दोष आढळला नाही’ असा असेल, तर तो वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

केईएमची ही घटना रायगडच्या दक्षिण टोकाला परकी नाही. पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयातून महाड, तिथून अलिबाग, नवी मुंबई किंवा मुंबई असा गंभीर रुग्णांचा मार्ग असतो. १९२६ साली सुरू झालेले केईएम आणि त्याच परळ भागातील टाटा रुग्णालय ही कोकणातल्या असंख्य कुटुंबांची शेवटची आशा असते. तिथे तयार झालेला कागद रुग्णाबरोबर घाट उतरून गावी येतो आणि त्याचा पुढचा प्रवास गावातच होतो.

कागद किती हातांतून जातो

संगणकातील नोंद पाहण्यासाठी निदान एखादा पासवर्ड लागतो. छापलेला कागद ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येतो. पोलादपूरसारख्या गावात एका अहवालाला किती हात लागतात, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे.

रक्ताचा नमुना गावात घेतला जातो आणि तपासणी बऱ्याचदा मोठ्या गावच्या प्रयोगशाळेत होते. अहवाल आणायला दर वेळी घरचे माणूस जातेच असे नाही. महाडला माल भरायला निघालेल्या शेजाऱ्याला किंवा रोज फेरी करणाऱ्या जीपचालकाला ‘येताना तेवढा रिपोर्ट घेऊन या’ असे सांगितले जाते. प्रयोगशाळेच्या टेबलावर अहवालांचा गठ्ठा असतो. आपला शोधताना आधी दहा जणांचे नजरेखालून जातात. पाकीट मिळाले तर ते उघडे असते. पुढे झेरॉक्सच्या दुकानात मेडिक्लेमच्या फाइलच्या तीन-तीन प्रती निघतात. पुसट किंवा तिरकी आलेली प्रत टोपलीत जाते आणि मूळ कागद कधीकधी यंत्राच्या काचेवरच राहतो. या फाइलबरोबर आधार कार्डाची, बँकेच्या पासबुकाची आणि पॉलिसीचीही प्रत असते. चुकीच्या हाती पडली, तर अशी एक फाइल फसवणुकीसाठी आयती शिदोरी ठरते.

यानंतर पाठकोऱ्या कागदांची पाळी येते. कागद वाया घालवायचा नाही, ही व्यापारी घराची चांगली सवय आहे. एका बाजूने छापलेल्या कागदांचे चौकोनी तुकडे कापून, टाचणी मारून गल्ल्यावर बेरजा करण्यासाठी ठेवले जातात. मुलांना गणिते सोडवायला दिले जातात. त्या कोऱ्या बाजूच्या पाठीमागे कोणाच्या तरी किडनीचा किंवा गर्भाशयाचा अहवाल असू शकतो. गिऱ्हाइकाने हिशोबाचा तुकडा घरी नेला, की तो अहवालही त्याच्याबरोबर गेला.

शेवटचा टप्पा रद्दीचा. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे स्वतंत्र नियम आहेत आणि रक्ताने माखलेला कापूस, सुया, मलमपट्टी यांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या ठरलेल्या आहेत. स्वच्छ कागद मात्र त्या कचऱ्यात मोडत नाही. तो साधा सुका कचरा ठरतो आणि साध्या सुक्या कचऱ्याच्या वाटेने रद्दीवाल्याकडे जातो. रुग्णालयातील सुई जितक्या काळजीने नष्ट केली जाते, तितकी काळजी त्याच रुग्णाच्या नावाच्या कागदाला मिळत नाही, याचे एक कारण इथे आहे. संसर्ग फक्त सुईतून पसरतो, असे गृहीत धरले गेले आहे.

रद्दीतून हा कागद पुन्हा बाजारात येतो. अन्न वेष्टनाविषयीच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात किंवा तशा कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली आहे. छपाईची शाई अन्नात उतरते, हे त्यामागचे कारण. भजी किंवा फरसाण छापील कागदात न बांधण्याला प्रकृतीचे कारण आधीपासून आहेच. रुग्णाच्या नावाचा कागद असेल, तर त्यात दुसऱ्या माणसाच्या अब्रूचे कारणही मिळते.

लहान गावातले मोठे नुकसान

मुंबईच्या गर्दीत एखाद्या प्लेटवरचे नाव अनोळखी राहण्याची शक्यता तरी असते. पोलादपूरच्या बाजारात तसे होत नाही. आडनाव वाचले की घर कळते, वय वाचले की माणूस कळतो, डॉक्टरांचे नाव वाचले की आजाराचा अंदाज येतो. एका कागदाने एका व्यक्तीची नव्हे, तर साऱ्या कुटुंबाची चर्चा सुरू होते.

या चर्चेची किंमत कोण मोजते, हे समाजाला चांगले ठाऊक आहे. मुलीला लहानपणी फिट येत होत्या, ही जुन्या चिठ्ठीवरून कळलेली गोष्ट तिच्या स्थळाच्या बोलण्यात अडथळा बनते; पुढे वर्षानुवर्षे तिला फिट आलेली नाही, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. मनोविकारतज्ज्ञाकडे काही महिने गेलेल्या तरुणाकडे भागीदार साशंकतेने पाहू लागतात. अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या दांपत्याला प्रत्येक समारंभात सल्ले ऐकावे लागतात. क्षयरोग पूर्ण बरा झालेल्या माणसाच्या हातचे पाणी घेताना कोणीतरी थबकते. आणि या सर्वांहून गंभीर परिणाम असा की, बभ्रा होईल या भीतीने माणसे तपासणीच टाळतात. स्तनातील गाठ घेऊन एखादी गृहिणी वर्षभर गप्प बसते, कारण गावातल्या दवाखान्यात गेलो तर कळेल आणि मुंबईला जायचे तर कारण सांगावे लागेल. गुप्तता न पाळण्याची किंमत अशा वेळी प्राणाने मोजावी लागते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गुप्तता एवढी पवित्र मानली, तर आजार लपवून लग्ने होणार नाहीत काय? या प्रश्नाचा विचार सर्वोच्च न्यायालयाला १९९८ मध्ये करावा लागला होता. रक्तदानाच्या वेळी एका तरुणाला एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले, ती माहिती बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. रुग्णाचा गुप्ततेचा हक्क मान्य करूनही, ज्या वधूच्या जिवाला धोका होता तिचा आरोग्याचा हक्क वरचढ ठरतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. म्हणजे गुप्तता निरपवाद नाही. जोडीदाराला धोका असेल, साथीचा रोग सरकारला कळवणे बंधनकारक असेल, न्यायालयाने माहिती मागितली असेल, तर ती योग्य ठिकाणी द्यावीच लागते. परंतु यातील प्रत्येक प्रसंगी सांगणारा जबाबदार असतो आणि ऐकणाऱ्याला ऐकण्याचा अधिकार असतो. वधूपक्षाला सत्य सांगणे हे वरपक्षाचे कर्तव्य आहे. फरसाणाच्या पुडीने ते गावाला सांगण्याचे काही कारण नाही.

औषधदुकानाचे विशेष उत्तरदायित्व

तालुक्याच्या ठिकाणी औषधांचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबांकडे ही जबाबदारी दुपटीने येते. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ या यादीतील औषधांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते. डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण अशी ही नोंद असते आणि ती ३ वर्षे जपावी लागते. या यादीत क्षयरोगाची औषधे आहेत, काही प्रतिजैविके आहेत आणि चिंता व निद्रानाशावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्याही आहेत. ही वही गल्ल्यावर उघडी राहिली, तर गावात कोणाला क्षय झाला आहे आणि कोणाला गोळीशिवाय झोप येत नाही, याची ती नावांसह यादीच होय. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक ती पाहू शकतो. पलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ती दिसण्याचे कारण नाही, आणि ३ वर्षे संपल्यावर ती रद्दीत जाण्याचेही कारण नाही.

२०१५ च्या औषधव्यवसाय नियमांनी औषधविक्रेत्यावरही रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. तरी गल्ल्यावर चिठ्ठी मोठ्याने वाचणे, ‘हे कोणासाठी?’ असे चारचौघांत विचारणे, उरलेल्या चिठ्ठ्यांच्या मागे बेरजा करणे ही नित्याची दृश्ये आहेत. दुकानातल्या पोऱ्याला यातले काही सांगितलेले नसते. पहिल्या दिवशी त्याला माप आणि भाव शिकवले जातात, त्याच दिवशी चिठ्ठीविषयीचा हा नियमही शिकवता येईल.

इतर देशांत या बेपर्वाईला मोठा दंड बसला आहे. अमेरिकेत सीव्हीएस या औषधदुकानांच्या साखळीने बाटल्यांवरची लेबले आणि चिठ्ठ्या उघड्या कचरापेट्यांत टाकल्याचे उघडकीस आल्यावर २००९ मध्ये तिला साडेबावीस लाख डॉलर भरावे लागले. डेन्व्हर शहरातील एका लहान औषधदुकानाने १,६१० रुग्णांचे कागद असेच उघड्या पेटीत टाकले होते. त्याला २०१५ मध्ये सव्वा लाख डॉलर द्यावे लागले. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते एकट्या दुकानाचे आहे. दुकान लहान असले म्हणून त्यातील कागद लहान ठरत नाहीत.

कायद्याची पोहोच

भारतात रुग्णाच्या गुप्ततेचा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याने शिष्याला दिलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याची आज्ञा आहे. आधुनिक काळात २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर तेच बंधन घातले. दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्याला कागदपत्रे देणे, हेही तिनेच ठरवून दिले. रुग्णाला त्याच्या नोंदी मिळाल्या पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी झालेल्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या दोन प्रकारच्या रुग्णांच्या माहितीला विशेष संरक्षण दिले. गर्भपाताची नोंदवही गोपनीय दस्तऐवज मानली जाते आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

एवढे असूनही एक मोठी फट राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संगणकीय माहितीला लागू आहे, किंवा कागदावरून संगणकात घेतलेल्या माहितीला. जी माहिती केवळ कागदावरच राहिली, ती त्याच्या कक्षेत येत नाही. डॉक्टर आणि रुग्णालय यांच्यावर बंधने आहेत. परंतु घरातून निघालेला अहवाल, झेरॉक्सच्या टोपलीतील प्रत, रद्दीच्या गोणीतला गठ्ठा आणि किराणा दुकानातील पुडी यांच्यापर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. तिथे माणसाच्या विवेकावरच विसंबावे लागते.

खरे बोलूनही व्रतभंग

या विवेकासाठी जैन गृहस्थाला दूर जावे लागत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात श्रावकाच्या प्रत्येक अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे, ‘न्यासापहार’ म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे आणि ‘साकारमंत्रभेद’ म्हणजे हावभावांवरून दुसऱ्याचे मनोगत ओळखून ते फोडणे, यांचा समावेश आहे. श्वेतांबर परंपरेत प्रतिक्रमणाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या वंदित्तु सूत्रातही दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत रहस्यभेदाचा उल्लेख येतो.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे दोष सत्यव्रताखाली मोजले आहेत. उघड केलेले रहस्य बहुधा खरेच असते. तरीही ते सांगणाऱ्याचे सत्यव्रत डागाळते. ‘मी खोटे काय सांगितले? कागदावर छापलेले होते, तेच सांगितले,’ ही सबब शास्त्राने आधीच नाकारली आहे. त्याच ओळीत ठेवीचाही विचार आला आहे, हे व्यापाऱ्याला सहज पटावे. रुग्ण आपला कागद डॉक्टरकडे, औषधविक्रेत्याकडे, विमा एजंटाकडे किंवा नातलगाकडे एका ठरावीक कामासाठी देतो. काम संपले म्हणजे तो कागद घेणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. तो परत तरी करायचा असतो, नाहीतर नष्ट करायचा असतो.

साहाय्य आणि संकोच

समाजाच्या संस्थांनाही याकडे पाहावे लागेल. वैद्यकीय साहाय्यासाठी येणाऱ्या अर्जांबरोबर रुग्णाच्या संपूर्ण तपासण्या जोडलेल्या असतात. विश्वस्तांच्या बैठकीत ती फाइल हातोहात फिरते, बैठकीनंतर कार्यालयाच्या टेबलावर राहते आणि वार्षिक अहवालात कोणाला कोणत्या आजारासाठी किती रक्कम दिली, ते नावानिशी छापून येते. पारदर्शक हिशोबाच्या सद्‌हेतूने हे होते. पण अर्ज करणाऱ्याला मदतीबरोबर आपले दारिद्र्य आणि आपला आजार अशा दोन गोष्टी समाजासमोर मांडाव्या लागतात. कित्येक स्वाभिमानी कुटुंबे याच कारणाने अर्जच करत नाहीत.

आपल्याकडे गुप्तदानाची मोठी परंपरा आहे. देणाऱ्याचे नाव झाकण्याची रीत ज्या समाजाला माहीत आहे, त्याला घेणाऱ्याचे नाव झाकणे अवघड नाही. अर्जाला क्रमांक द्यावा. वैद्यकीय कागद एका डॉक्टर सदस्याने आणि एका विश्वस्ताने पाहावेत. बैठकीपुढे क्रमांक, खर्चाचा अंदाज आणि शिफारस एवढेच यावे. हिशोब तपासनिसाला मूळ फाइल पाहता येईल आणि छापील अहवालात रुग्णांची संख्या व एकूण रक्कम दिली तरी पारदर्शकता उणी पडणार नाही.

नेत्रतपासणी आणि रक्तदान शिबिरांचेही तसेच. नावे, वय, भ्रमणध्वनी क्रमांक, रक्तगट, मधुमेह आहे की नाही, अशा रकान्यांचे तक्ते संध्याकाळी मंडपातच राहतात आणि खुर्च्या गोळा करणाऱ्यांच्या हाती पडतात. शिबिराच्या नियोजनात भोजनाची, मंडपाची आणि सत्काराची जबाबदारी ज्याप्रमाणे नावाने सोपवली जाते, त्याप्रमाणे कागद मोजून परत घेण्याची जबाबदारीही एका कार्यकर्त्यावर सोपवायला हवी.

पुराने दिलेला धडा

महाड आणि पोलादपूरसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. अशा आपत्तीत कागदाचा विचार सर्वांत शेवटी येतो आणि ते स्वाभाविकच आहे. पण पाणी ओसरल्यावर दोन विरुद्ध अडचणी एकदमच उभ्या राहतात. ज्यांना उपचार चालू ठेवायचे आहेत, त्यांचे जुने कागद नाहीसे झालेले असतात. आणि जे कागद आता कोणालाही नको आहेत, ते चिखलाबरोबर रस्त्यावरच्या ढिगात नावांसह पडलेले असतात.

म्हणून पूररेषेत राहणाऱ्या कुटुंबांनी महत्त्वाचे वैद्यकीय कागद तळमजल्यावर ठेवू नयेत. ते जाड प्लास्टिकच्या बंद पाकिटात माळ्यावर असावेत आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या गावातील विश्वासू नातलगाकडे पाकीट चिकटवून ठेवावी. दवाखाने आणि औषधदुकाने यांनी नोंदवह्या वरच्या फळीवर ठेवाव्यात. भिजलेले कागद टाकून देताना ते पाण्यातच कालवून त्यांचा लगदा करणे सोपे असते. पुराने अर्धे काम केलेलेच असते.

काय जपावे, काय नष्ट करावे

गुप्ततेच्या काळजीने सगळेच फाडून टाकणे हेही शहाणपणाचे नाही. शस्त्रक्रियेचा तपशील, डिस्चार्ज कार्ड, कर्करोगाच्या तपासणीचा अहवाल, लसीकरणाची नोंद, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे याची नोंद, हृदयाच्या तपासण्या आणि दीर्घ आजाराचे मूळ निदान हे कागद आयुष्यभर जपावेत. विम्याचा नवा अर्ज भरताना जुना आजार सांगणे बंधनकारक असते, तेव्हा हेच कागद उपयोगी पडतात. बिले व पावत्या दावा मंजूर होईपर्यंत आणि आयकराचे काम पूर्ण होईपर्यंत ठेवाव्यात. दरमहा होणाऱ्या साखरेच्या तपासण्यांपैकी अलीकडच्या पुरेत. प्रत्येक व्यक्तीची फाइल वेगळी असावी आणि तिच्या बाहेरच्या बाजूवर आजाराचे नाव लिहू नये.

नष्ट करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

कागद एकदाच उभा फाडून टाकू नये. दोन तुकडे जुळवायला क्षणभर पुरतो. नाव, पत्ता आणि क्रमांक असलेला वरचा भाग आधी वेगळा करून त्याचे बारीक तुकडे करावेत. कागद पुष्कळ असतील, तर रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी कालवले की अक्षर उरत नाही. दुकानासाठी कागद कापण्याचे यंत्र घ्यायचे असेल, तर लांब पट्ट्या काढणाऱ्या यंत्रापेक्षा आडवे-उभे कापून बारीक तुकडे करणारे घ्यावे.

एक्स-रेच्या फिल्म पाण्यात विरघळत नाहीत. त्यांतील चांदीसाठी त्या विकत घेणारे असतात. विकण्यापूर्वी नाव आणि तारीख असलेला कोपरा कात्रीने कापून घ्यावा.

औषधाच्या पिशवीवर किंवा खोक्यावर रुग्णाच्या नावाचे लेबल असेल, तर ते काढूनच खोका टाकावा. झेरॉक्स काढताना काचेवरचा मूळ कागद आणि बिघडलेली प्रत दोन्ही परत मागावे. अहवाल दुसऱ्याकरवी मागवायचा असेल, तर प्रयोगशाळेला बंद पाकिटातच द्यायला सांगावे. बहुतेक ठिकाणी मागितले तर देतात. अहवालाचे छायाचित्र नातलगांच्या समूहावर टाकण्यापूर्वी ज्याचा तो अहवाल आहे त्याला विचारावे, मग तो घरातला वृद्ध असो की कॉलेजात जाणारी मुलगी. मदतीचे आवाहन करायचे असले, तरी नाव आणि निदान एकाच कागदावर दिसण्याची बहुधा गरज नसते.

आणि रद्दीवाल्याविषयी एक गोष्ट. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या दृष्टीने सारा कागद सारखाच असतो. निवड काट्यावर चढण्यापूर्वी घरात व्हायला हवी. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून पांढरे, छापील, नाव असलेले कागद बाजूला काढायला अर्धा तास पुरतो. पाण्यात गेलेल्या त्या कागदांचे वजन दोन-तीन किलो भरेल आणि त्यांचे रद्दीचे पैसे बुडतील. एवढा तोटा कोणत्याही घराला परवडण्याजोगा आहे.